कचेरीच्या पांच पायऱ्या

सातारा शहरांत राहणाऱ्या माणसास चढण कांहीं नवी नाहीं. घराबाहेर पडलें कीं समोर अजिंक्यतारा उभा असतो. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीच्या दर्शनास जावयाचें तर पायऱ्या चढाव्याच लागतात. डोंगराच्या उंचीबद्दल कोणीं तक्रार केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं; ती उंची देवानें दिलेली आहे. परंतु कचेरी, बँक, टपालघर किंवा नाट्यगृह यांच्या दारापुढील पायऱ्या देवाच्या नव्हेत. त्या कोणी तरी कागदावर आंखलेल्या, कोणी तरी मंजूर केलेल्या आणि गवंड्यानें बांधलेल्या असतात. हा भेद अगदीं साधा आहे. पण आमच्या लक्षांत तो एका घरगुती प्रसंगानें आला.

कांहीं वर्षांमागची गोष्ट. आमच्या थोरल्या काकूंस पक्षाघातामुळें चालतां येईनासें झालें होतें. काकांच्या मागें त्यांस मिळणारें निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठीं दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागे. त्या वर्षीं ‘त्यांस समक्ष आणा’ असा निरोप आला. चाकांची खुर्ची रिक्षांत घालून आम्ही एका कचेरीपाशीं गेलों. दारापुढें पांच पायऱ्या होत्या. साहेबांनीं बाहेर येणें नियमांत बसत नव्हतें, आणि काकूंस आंत जाणें शक्य नव्हतें. शेवटीं रस्त्यावरच्या चार भल्या माणसांनीं खुर्चीस हात लावला. वर गेल्यावर काकू म्हणाल्या, “जिवंत असल्याचा दाखला द्यायला आलें, आणि चौघांनीं उचलून आणलें!” सारे हंसले. परत येतांना मात्र त्या हळूच म्हणाल्या, “पुढच्या वर्षीं पैसे बुडाले तरी चालतील, मला तिथें नेऊं नका रे.”

त्या चौघांचे उपकार आम्ही विसरलों नाहीं. परंतु आपलेंच काम करावयास ज्याला दर वेळीं चार दयाळू माणसांची वाट पाहावी लागते, त्याचा हक्क तो हक्क कसला? आंधळ्या-पांगळ्यांस दान द्यावें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तोच मनुष्य आपल्या बरोबरीनें खातें उघडावयास, अर्ज द्यावयास किंवा नाटक पाहावयास येईल, हें मात्र आपल्या ध्यानींमनीं नसतें. २०११ च्या शिरगणतींत एकट्या महाराष्ट्रांत अशीं सुमारें ३० लाख माणसें नोंदलीं गेलीं. अलीकडे त्यांस ‘दिव्यांग’ असें म्हणतात. नांव बदललें, पायऱ्या बहुतेक ठिकाणीं त्याच आहेत.

कायद्यानें मात्र दयेची भाषा केव्हांच सोडली आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २००६ सालीं अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला व भारतानें २००७ सालीं त्यास मान्यता दिली. त्यास अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. त्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणें, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या नकाशास मंजुरीच देतां येत नाहीं. ४५ व्या कलमानें जुन्या सार्वजनिक इमारती सुधारण्यास नियम निघाल्यापासून पांच वर्षांची मुदत घातली. नियम जून २०१७ मध्यें निघाले. मुदत २०२२ मध्यें सरली. नियमांत एक पळवाटही राहिली होती. राजीव रातुरी या दृष्टिहीन गृहस्थांनीं २००५ सालीं केलेल्या याचिकेंत सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं ती उघड केली. पंधराव्या नियमांतील मानकें केवळ शिफारशीवजा आहेत, म्हणून तो नियम मूळ कायद्याशीं विसंगत आहे, असें ठरवून किमान मानकें सक्तीचीं करण्यास न्यायालयानें केंद्र सरकारास तीन महिन्यांची मुदत दिली.

सवलत आणि सुगमता यांत आपण नेहमीं घोटाळा करतों. एस. टी.च्या तिकिटांत दिव्यांगांस सवलत आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्या वृद्धांस प्रवास विनामूल्य आहे. ही गोष्ट स्तुत्यच होय. पण ज्यास गाडीची पहिली पायरीच चढतां येत नाहीं, त्यानें त्या फुकट तिकिटाचें काय करावें? उताराचेंही तेंच. पायऱ्यांशेजारीं सिमेंट ओतलें म्हणजे उतार होत नाहीं. एक फूट चढावयास बारा फूट लांबी, असें त्याचें प्रमाण आहे. सहा-सहा इंचांच्या पांच पायऱ्या म्हणजे अडीच फूट उंची. तिला तीस फूट उतार हवा, शिवाय रुंदी निदान चार फूट आणि दोन्ही बाजूंस कठडा. याहून उभा उतार चढावयास पुन्हा ते चौघेच लागतात. शिवाय पायरी म्हणजे केवळ दगडाचीच नव्हे. मिरजेसारख्या जंक्शनावर ऐन वेळीं फलाट बदलल्याची सूचना केवळ कर्ण्यावरून दिली, तर बहिऱ्या प्रवाशापुढें ती पायरीच होय.

साताऱ्याजवळून वाहणारी कृष्णा पुढें कऱ्हाडावरून सांगलीस जाते, आणि तेथें हा प्रश्न जीवावर बेततो. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. धडधाकट माणसें माडीवर गेलीं, नावेंत बसलीं. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसास माडीवर कोणीं न्यावें? भोंगा ज्यास ऐकूं येत नाहीं, त्यास कोणीं जागें करावें? याचा विचार कायद्यानें केला आहे. ८ व्या कलमाप्रमाणें जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें जिल्ह्यांतील दिव्यांगांची नोंद ठेविली पाहिजे व त्यांस धोक्याची सूचना पोंचविली पाहिजे. ज्यांच्या घरीं असें माणूस आहे, त्यांनीं पावसाळ्यापूर्वींच आपलें नांव त्या नोंदींत आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें.

आपल्या एकत्र कुटुंबांत म्हातारीं माणसें हातावर झेललीं जातात, असा आपणांस अभिमान असतो. तो खोटा नाहीं. पण झेलावें लागणें म्हणजे काय, हें झेलल्या जाणाऱ्यास विचारावें. न्हाणीघरांत एक धरावयाची दांडी आणि उंबरठ्याशीं एक फळी एवढ्यानेंही आजीचें मन किती मोकळें होतें, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. जें घरांत, तेंच गांवांत. आज ज्या पायऱ्या आपण दोन-दोन ओलांडतों, त्या उद्यां आपल्याच वाट्यास यावयाच्या आहेत. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे: पुढल्या वेळीं कचेरीस जाल तेव्हां दारापुढच्या पायऱ्या मोजा, आणि शेजारीं योग्य उतार नसेल तर तो केव्हां होणार, हें नम्रपणें पण लेखी विचारा.

काकूंस त्या कचेरींत पुन्हा न्यावें लागलें नाहीं. पुढचा नोव्हेंबर त्यांनीं पाहिला नाहीं. त्या पायऱ्या मात्र अजून पांचच आहेत. आम्हींही आमचा अर्ज दिला आहे.