पिशवी काढायची घाई नको

आईला स्तनाचा कॅन्सर, मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेलेली. मग आपलं काय? जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या एखाद्या बाईने हे विचारलं, तर आपल्या मराठवाड्यात एक उत्तर तयार असतं : 'पिशवी काढून टाका.' शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येकींना कॅन्सरचीच भीती घातली गेली होती.

आणि ज्या घराण्यात धोका खरोखर रक्तातून उतरतो, तिथे नुसती पिशवी काढून तो टळतच नाही. तिथे दोष असतो तो बहुधा बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत. तो असलेल्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका ६० टक्क्यांच्या वर जातो, अंडाशयाचा बीआरसीए-१मध्ये ४० ते ६० टक्क्यांच्या घरात. स्तनाचे बहुतेक कॅन्सर मात्र आनुवंशिक नसतात. तसे असतात शंभरात जेमतेम पाच-दहा.

वाणाचे गुण पुढच्या पिढीत उतरतात, हे बीडीएन-७११ तूर पेरणाऱ्या बदनापूरकरांना सांगायला नको. माणसात हा दोष प्रत्येक लेकरात उतरण्याची शक्यता निम्मी. तो बापाकडूनही येतो, म्हणून आत्याची आणि बापाकडच्या आजीचीही चौकशी करायची. जनुक-समुपदेशक आधी तेच करतात : कागदावर बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, कॅन्सर झालेल्यांचे काळे भरलेले. कुणाला कितव्या वर्षी झाला, हेही शेजारी लिहितात.

रक्ततपासणी शक्यतो आधी आजारी नातेवाइकाची करावी. तिच्यात दोष सापडला, तर नेमका तोच बहिणींत, लेकींत शोधता येतो. जिच्यात तो नाही, तिचा धोका चारचौघींइतकाच. तिला शस्त्रक्रियेचं कारणच नाही.

हाच दोष असलेल्या हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१३मध्ये आधी स्तन काढून घेतले, २०१५मध्ये अंडाशय. गाजलं ते स्तन काढणं. माझ्या मते आपल्याकडे आधी विचार व्हावा अंडाशयांचा. स्तनांवर दरवर्षी एमआरआय, मॅमोग्राफीने नजर ठेवता येते. अंडाशयाचा कॅन्सर वेळीच पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४०च्या दरम्यान आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५च्या, अंडाशय व नळ्या काढण्याचा सल्ला देतात. किंमत मोजावी लागतेच : पाळी एकदम बंद, अंगाची लाहीलाही, हाडं ठिसूळ होण्याची भीती. स्तन काढल्याने तिथल्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, पण ती निवड त्या बाईची; सासूची नाही, नवऱ्याचीही नाही.

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय बदनापूरहून तासाभरावर आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरचं जेनेटिक क्लिनिक आहे. तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय कुणी 'पिशवी काढा' म्हणालं, तर सही करू नका.