मुंबई मेट्रो मार्गिका ३

महाराष्ट्राच्या राजधानीतील पहिला भुयारी मेट्रो रेल्वेमार्ग. लांबी सु. ३३·५ किमी.; स्थानके २७. यांपैकी केवळ आरे हे स्थानक जमिनीवर आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे मुख्य मार्ग एकोणिसाव्या शतकात आखले गेले. पुढे भरभराटीस आलेले वांद्रे–कुर्ला संकुल, सीप्झ औद्योगिक क्षेत्र, वरळीचा बराचसा भाग व विमानतळ त्यांपासून दूर पडले. ही उणीव भरून काढण्यासाठी कफ परेड ते आरे हा मार्ग केंद्र व राज्य शासनांच्या संयुक्त कंपनीने जपानी कर्जाच्या साहाय्याने बांधला. त्यासाठी दाट वस्ती व मिठी नदी यांच्या खालून यंत्रांद्वारे जोडबोगदे खोदण्यात आले. आरे येथील गाड्यांच्या आगारासाठी २०१९ मध्ये झालेल्या वृक्षतोडीस नागरिकांनी तीव्र विरोध केला. २०२० मध्ये आगार कांजूरमार्ग येथे हलविण्याचे ठरले. तथापि २०२२ मध्ये तो निर्णय फिरविण्यात येऊन ते आरे येथेच कायम झाले. आरे ते वांद्रे–कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून वरळीपर्यंतचा मे २०२५ मध्ये व कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व मुंबई सेंट्रल येथे उपनगरी रेल्वेशी, तर मरोळ नाका येथे मेट्रो मार्गिका १ शी त्याची सांगड घातलेली आहे.