मनी घरात, जीव भांड्यात

“मांजरच ते, येईल फिरून!” हे म्हणतात. पण दिवेलागण झाली की माझा जीव खालीवर होतो. आमच्या अकोले तालुक्यात ऊस अगदी दारापर्यंत, अन् उसात बिबट्या. तो कुत्री नेतो हे ठाऊक होतं. पण डॉ. विद्या अत्रेय यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला इथलाच अभ्यास वाचला अन् दचकलेच. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के कुत्री, त्याखालोखाल १५ टक्के मांजरं! शेळ्या त्यानंतर. शेळ्या आपण गोठ्यात कोंडतो हो, मनीला मात्र उंदरांसाठी रात्री बाहेर काढतो. गेल्या श्रावणात तिचा बोका असाच परतला नाही. आता तिन्हीसांजेलाच दूधभात घरात ठेवते अन् कडी लावते. मनी रात्रभर दार ओरबाडते. सासूबाई अंथरुणातून विचारतात, “मग उंदीर काय तू धरणार?”