सगळे अल्क आम्लारी, पण सगळे आम्लारी अल्क नव्हेत

‘धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी असतात’ हे वाक्य शाळेत पाठ होते. पण नुसत्या पाठांतरामुळे त्याच्यासोबत काही गैरसमजही पक्के होतात आणि ते पुढे कॉलेजातही पाठ सोडत नाहीत.

गैरसमज : आम्लारी आणि अल्क म्हणजे एकच.
वस्तुस्थिती : धातूचे जे ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड आम्लाशी अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी देते, तो आम्लारी. त्यांतले जे पाण्यात विरघळतात, तेवढेच अल्क. सोडिअम ऑक्साइड पाण्यात टाकले की सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण मिळते, हा अल्क. लोहाचे किंवा तांब्याचे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. ते आम्लारी आहे, अल्क नाही.

गैरसमज : लिटमस निळा झाला नाही, तर पदार्थ आम्लारी नाही.
वस्तुस्थिती : कॉपर ऑक्साइडची काळी पूड पाण्यात ढवळली, तर ती तळाशी बसते आणि तांबडा लिटमस तांबडाच राहतो. तीच पूड कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात घालून ढवळत राहिले, की ती हळूहळू नाहीशी होते आणि द्रावणाला मोरचुदाची निळाई येते. क्षार तयार झाला, म्हणजे पूड आम्लारीच होती. लिटमस निळा व्हायला पाण्यात हायड्रॉक्साइड आयन असावे लागतात आणि न विरघळणारी पूड ते पुरवू शकत नाही.

गैरसमज : कमी विरघळतो तो सौम्य, जास्त विरघळतो तो तीव्र.
वस्तुस्थिती : कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो तापतो, फुटतो, वाफा सोडतो आणि त्याचा विरलेला चुना होतो. हा चुना २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो. तरीही चुन्याच्या निवळीचा सामू १२च्या वर असतो, कारण विरघळलेल्या चुन्याचे जवळजवळ पूर्ण विचरण होते. हळद निवळीत लाल होते ती यामुळेच. उलट अमोनिआ पाण्यात भरपूर विरघळतो, पण त्याचे विचरण थोडेच होते. म्हणून तो सौम्य. विद्राव्यता आणि तीव्रता हे दोन वेगळे गुण आहेत.

गैरसमज : धातूचे प्रत्येक ऑक्साइड आम्लारीच.
वस्तुस्थिती : ॲल्युमिनिअम आणि जस्त यांची ऑक्साइडे उभयधर्मी आहेत, ती आम्लाशीही अभिक्रिया करतात आणि अल्काशीही. बॉक्साइटमधून ॲल्युमिना वेगळे करण्याची बायर प्रक्रिया याच गुणावर चालते. कोल्हापूर, रत्नागिरीतही सापडणारे बॉक्साइट दाबाखाली तप्त कॉस्टिक सोड्यात घातले की त्यातले ॲल्युमिना द्रावणात उतरते आणि लोहाचे ऑक्साइड लाल गाळ होऊन मागे राहते. क्रोमिअम ट्रायऑक्साइड तर चक्क आम्लधर्मी आहे.

म्हणून ऑक्साइड समोर आले की दोन प्रश्न विचारा. आम्लाशी क्षार आणि पाणी देते का? पाण्यात विरघळून हायड्रॉक्साइड आयन देते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर आम्लारिधर्म आहे. दोन्हींचे ‘हो’ असेल, तरच अल्क म्हणा.