विश्लेषण : कॅल्क्युलेटरचा ‘मोड’ चुकला की उत्तर का चुकते?

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे येथे गच्चीवर सौर पॅनेल बसवताना ते ढोबळमानाने तेवढेच तिरके ठेवले जाते. दोन मीटर लांबीच्या पॅनेलची वरची कड किती उचलायची, याचे गणित सोपे आहे : २ गुणिले साइन २१. कॅल्क्युलेटर ०.७२ मीटर दाखवतो. पण तोच कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर उत्तर १.६७ मीटर येते. यंत्र कोणतीही ‘एरर’ दाखवत नाही आणि आकडाही वरवर पटण्यासारखा वाटतो. अभियांत्रिकी, पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांचे गुण नेमके असेच जातात.

‘डी’, ‘आर’ आणि ‘जी’ म्हणजे काय?

सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वरच्या बाजूला यांपैकी एक अक्षर दिसते. ‘डी’ म्हणजे अंश, ‘आर’ म्हणजे रेडियन आणि ‘जी’ म्हणजे ग्रेडियन. काटकोन अंशात ९०, ग्रेडियनमध्ये १०० आणि रेडियनमध्ये सुमारे १.५७ भरतो. २१ या आकड्यामागे कोणते एकक आहे, हे यंत्राला कळत नाही. ते आपणच सांगायचे असते.

रेडियन केव्हा लावायचे?

भूमापन, बांधकाम, उताराचा कोन अशा गणितांत माप अंशात दिलेले असते. तेथे ‘डी’ हवे. कोन काळानुसार बदलत असेल तर बहुधा ‘आर’ लागते. घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ विजेचे समीकरण ३२५ साइन (३१४ टी) असे लिहितात. टी ०.००५ सेकंद धरला तर कंसातले उत्तर १.५७ येते, तेही रेडियनमध्ये. योग्य मोडमध्ये व्होल्टेज ३२५ येते; अंशांवर मात्र जेमतेम ९ व्होल्ट. कोनाला अंशाचे चिन्ह आहे की नाही, हे आधी पाहावे. कलनशास्त्रातही रेडियनच गृहीत धरलेले असते.

बाकीचे मोड कशासाठी?

संमिश्र संख्यांचा ‘सीएमपीएलएक्स’ मोड विद्युत शाखेला उपयोगी. ३ + ४आय या इम्पीडन्सचे मूल्य ५ आणि कोन ५३.१३ अंश, हे त्यात लगेच मिळते. कोन मात्र ‘डी’ किंवा ‘आर’ जे लावले असेल त्यातच येतो.

‘बेस-एन’ हा द्विमान, षोडशमान संख्यांचा मोड. त्यात अपूर्णांक चालत नाहीत. ७ भागिले २ केले तर उत्तर ३ येते. काम झाले की लगेच बाहेर पडावे.

‘स्टॅट’ मोडमध्ये प्रमाण विचलनाची दोन उत्तरे मिळतात. समजा, पाच दिवसांचे तापमान ४३, ४४, ४५, ४४, ४४ अंश आहे. हे पाचच दिवस अभ्यासायचे असतील तर ‘एन’ने भागून ०.६३, संपूर्ण उन्हाळ्याचा नमुना म्हणून घेतले असतील तर ‘एन वजा १’ने भागून ०.७१.

समीकरणे सोडवणारा ‘ईक्यूएन’ मोड पडताळणीसाठी उत्तम. मात्र पायऱ्यांना गुण असतील तेथे नुसते उत्तर लिहून भागत नाही.

परीक्षेआधी काय तपासावे?

साइन ३० काढून पाहावे. ०.५ आले तर यंत्र अंशांवर आहे. उणे ०.९८८ आले तर रेडियनवर आणि ०.४५४ आले तर ग्रेडियनवर. मित्राचा कॅल्क्युलेटर घेतला असेल तर ही चाचणी टाळू नये. अनेक मॉडेलमध्ये ‘रिसेट’ची सोय असते. त्याने यंत्र साध्या गणिताच्या मोडवर आणि अंशांवर परत येते. मात्र मेमरीतले आकडेही पुसले जाऊ शकतात.

‘गेट’ परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, संगणकाच्या पडद्यावरचाच वापरावा लागतो. त्यातही अंश आणि रेडियन यांतून निवड करावी लागते. म्हणून सराव त्याच प्रकारच्या कॅल्क्युलेटरवर करावा आणि बटण दाबण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवे, याचा अंदाज बांधावा. २१ अंशांचा उतार म्हणजे फारसा चढ नव्हे. दोन मीटरच्या पॅनेलला दीड मीटरहून जास्त उंची लागणारच नाही, हे मग यंत्राविनाही ओळखता येते.