तरव्यातच अडकलेल्या पेशी

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी आणि रक्तातील पांढरी पेशी यांची कामे निराळी असतात, कारण कोणत्या पेशीत कोणती जनुके जागी राहतील आणि कोणती निद्रिस्त, हे ठरलेले असते. अस्थिमज्जेतील मूळपेशींच्या ज्या शाखेपासून तांबड्या पेशी, बिंबाणू आणि जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात, तिला मायलॉइड शाखा म्हणतात, आणि तिच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर विशिष्ट प्रथिने जनुकांना चालू-बंद करीत असतात. रत्नागिरीच्या वाचकाला हा क्रम भातशेतीवरून चटकन उमगेल: तरवा वेळेवर काढून लावणी झाली, तरच रोपाला लोंबी धरते. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात तरवा उदंड माजतो, पण लावणी होतच नाही. अर्धवट वाढलेल्या पेशी मज्जेची जागा अडवतात आणि निकोप पेशींना वाव न उरल्याने पंडुरोग, ताप व रक्तस्राव मागे लागतात.

या आजाराच्या प्रोमायलोसायटिक नावाच्या प्रकारात बिघाड नेमका कोठे होतो, हे विलक्षण स्पष्टपणे कळले आहे. १५ आणि १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जाऊन दोन जनुके जोडली जातात, आणि त्यातून निर्माण होणारे संकरित प्रथिन पेशीला प्रौढ करणाऱ्या जनुकांवर दडपण आणते. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे ट्रेटिनॉइन हे औषध दडपण उठवते आणि अडलेली पेशी प्रौढ होऊ लागते; शांघायच्या वैद्यांनी १९८८ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या जोडीला आलेले आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपल्याकडे विष म्हणूनच परिचित असलेला सोमल, ते संकरित प्रथिनच नष्ट करते. या जोडीने फार मोठ्या संख्येने रुग्ण बरे होतात, आणि पेशी मारण्याऐवजी तिला वयात आणण्याची ही कल्पना कर्करोगाच्या उपचारांत अजूनही दुर्मीळच आहे.

मायलॉइड रोगांचे इतर प्रकार इतके सरळ नाहीत. दीर्घकालीन प्रकारात ९ व २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून जन्मणारे प्रथिन पेशींना सतत वाढण्याचा हुकूम देते. त्याला आवरणाऱ्या इमॅटिनिबच्या पेटंटचा वाद १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. तीव्र प्रकारातील कित्येक रुग्णांना मज्जारोपणाचाच आधार असतो, ज्याची भारतातील सुरुवात डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये केली.

रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्या होतात. पण रक्ताचा कर्करोग असा चाचपून किंवा बघून सापडत नाही. त्यासाठी काचपट्टीवर पसरून रंगवलेला रक्ताचा थेंब आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणारा जाणता डोळा लागतो. प्रोमायलोसायटिक प्रकारात पेशीच्या आत बारीक काड्यांची मोळी बांधल्यासारखी दिसते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे ही लक्षणे या रोगात काही दिवसांतच मेंदूतील रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतात. म्हणून जनुकीय तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, सबळ संशयावरच ट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुरू केल्या जातात, आणि परळचे टाटा रुग्णालय रत्नागिरी शहरापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असताना पहिली कॅप्सूल प्रवासाआधी मिळते की नंतर, यावर बरेच काही अवलंबून राहते.