लार्चच्या ऐकीव गोष्टी

उत्तर सिक्कीममध्ये लाचेनमार्गे गुरुडोंगमार तलावाकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये पुण्या-मुंबईचे पर्यटक कमी नसतात. ऑक्टोबर सरता सरता त्या वाटेवर हिरव्या फर वृक्षांच्या गर्दीत मधूनच एखादं सूचिपर्णी झाड पिवळंजर्द उभं दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, या झाडाला कीड लागली. महिनाभराने तेच झाड पूर्ण निष्पर्ण होतं आणि ते मेलंच अशी खात्री पटते. ते मेलेलं नसतं. तो सिक्कीम लार्च असतो. देवदाराचा आणि चीडचा हा नातलग, पण दर हिवाळ्यात पानं गाळणारा. साधारण 3,000 ते 4,000 मीटर उंचीवर पूर्व नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि तिबेटच्या लगतच्या भागात तो वाढतो. त्यामुळे लार्च हे फक्त युरोप-रशियाचं झाड, हा समजही इथेच निकालात निघतो.

सूचिपर्णी म्हणजे सदाहरित, हे आपण शाळेपासून घोकत आलो. नियम बहुतांशी खरा आहे, पण अपवाद किरकोळ नाही. रशियात सर्वाधिक जंगलक्षेत्र व्यापणारं झाड म्हणजे लार्च. तैमिर द्वीपकल्पात 72 अंश उत्तर अक्षांशाच्याही वर त्याची झाडं आहेत, आणि त्याहून उत्तरेला वृक्ष म्हणावा असं काही उगवत नाही. याकुतियातल्या वर्खोयान्स्क आणि ओइम्याकोन या गावांच्या आसपास पारा उणे 67 अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. तिथलं जंगलही याचंच.

मग थंडी सोसण्यासाठी पानं हवीत की नकोत? फर किंवा स्प्रूसची सुई जाड असते, तिच्यावर मेणाचा थर असतो आणि ती कित्येक वर्षं टिकते. अशी सुई घडवायला झाडाला बराच खर्च येतो. लार्चची सुई मऊ, पातळ, स्वस्तातली. दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात ती झपाट्याने अन्न तयार करते. शरद ऋतूत झाड तिच्यातला नायट्रोजन बराचसा परत ओढून घेतं आणि उरलेलं कवच टाकून देतं. हिवाळ्यात जमीन गोठल्यावर मुळांना पाणी मिळत नाही, वारा मात्र सुकवतच राहतो. पानंच नसली की सुकायलाही फारसं काही उरत नाही. याकुत्स्कला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून 250 मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, तरी तिथे जंगल आहे. कारण जमिनीखालचा कायमचा गोठलेला थर पाणी खाली मुरू देत नाही. उन्हाळ्यात वरची जी थोडी माती वितळते, तिच्यातच लार्चची मुळं आडवी पसरतात.

लाकडाबद्दलचे गैरसमज याहून जुने आहेत आणि जास्त रंगतदारही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस लिहितो की लार्चला कूज आणि कीड लागत नाही, ते पाण्यावर तरंगत नाही आणि पेटतही नाही. शेवटच्या दाव्यासाठी तो ज्युलियस सीझरची गोष्ट देतो. आल्प्सजवळच्या एका किल्ल्यासमोर लार्चच्या ओंडक्यांचा बुरूज होता. सीझरच्या सैनिकांनी त्याच्याभोवती काटक्या रचून आग लावली. ज्वाळा आकाशाला भिडल्या, पण धूर विरल्यावर बुरूज जसाच्या तसा उभा होता!

लार्च जळतं. सायबेरियात दर उन्हाळ्यात त्याची जंगलं वणव्यात सापडतात आणि तिकडची घरं शतकानुशतकं त्याच्याच सरपणावर तापली आहेत. जाड, ओला ओंडका काटक्यांच्या आगीने सहजी पेट घेत नाही, कारण बाहेरचा थर कोळसा होऊन आतल्याला काही काळ वाचवतो. गोष्टीत तथ्य असलंच तर एवढंच. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातला वेस्टर्न लार्च मात्र जिवंतपणी आगीला खरोखर दाद देत नाही. त्याची बुंध्याजवळची साल दहा-पंधरा सेंटिमीटर जाड होते. शिवाय पानं होरपळली तरी बिघडत नाही, पुढच्या वर्षी ती नवी यायचीच असतात.

न तरंगण्याचा दावा अर्धा खरा आहे. वाळलेलं लार्च तरंगतं. ताजे तोडलेले ओंडके मात्र इतके जड असतात की सायबेरियातल्या नद्यांमधून लाकूड वाहून नेताना ते वाटेतच बुडत. विट्रुव्हियसला ही बातमी कुणा लाकूडतोड्याकडून मिळाली असावी, असं मला वाटतं. पेटत नसल्याची खबर बहुधा एखाद्या शिपायाची.

सूचिपर्णींचं लाकूड मऊ, हीसुद्धा ढोबळ समजूत. थंडीत संथ वाढलेलं सायबेरियन लार्च वाळल्यावर घनमीटरला 600 ते 650 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे वजनाला जवळपास सागवानाइतकं.

आता न कुजण्याबद्दल. व्हेनिस शहर लार्चच्या खांबांवर उभं आहे आणि ते लाकूड खाऱ्या पाण्यात दगड झालं आहे, असं हौसेने सांगितलं जातं. व्हेनिसखाली लार्च आहे, पण ओक, एल्म, अल्डर, पाइन हेही आहेत. यातलं कोणतंच लाकूड दगड झालेलं नाही. गाळात प्राणवायू जवळजवळ नसल्याने लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं तिथे काही चालत नाही. जिवाणू मात्र हळूहळू काम करतात, आणि तपासलेल्या खांबांमध्ये लाकूड पोखरलं गेल्याचं दिसलं आहे. आसपासची चिखलमाती आणि उरलेलं लाकूड मिळून भार पेलतात. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या थडग्यांचीही तीच कथा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या लार्चच्या ओंडक्यांच्या खोल्या टिकल्या, पण त्यांच्यासोबत लोकरी गालिचाही टिकला. गालिचा काही लार्चचा नव्हता. दोन्ही वाचले ते बर्फामुळे.

उघड्यावर, माती आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर, लार्चचा खांबही कुजतो. गाभ्याचं तांबूस लाकूड राळेमुळे बरंच तग धरतं, सालीलगतचं फिकट लाकूड लवकर जातं. ज्यांचं आयुष्य या झाडाबरोबर गेलं त्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. आल्प्समधले कारागीर छपरासाठी लार्चच्या पातळ फळ्या करवतीने कापत नसत, धाग्याच्या रेषेत फोडत. धागे अखंड राहिले की पावसाचं पाणी आत न शिरता वरून ओघळून जातं. स्कॉटलंडमध्ये मासेमारीच्या होड्यांचा सांगाडा ओकचा करत आणि फळ्या लार्चच्या. उत्तर अमेरिकेत जहाज बांधणाऱ्यांना टॅमरॅक या लार्चच्या खोडापेक्षा बुंध्याचीच ओढ जास्त. दलदलीत खोल जाता येत नाही म्हणून त्याचं मूळ खोडापासून काटकोनात वळतं, आणि हे नैसर्गिक वळण जहाजाची बरगडी आणि डेकची तुळई जोडायला जोड नसलेला मजबूत कोन ठरे. जेम्स बेच्या किनाऱ्यावरचे क्री लोक टॅमरॅकच्या बारीक डहाळ्या बांधून हंसाच्या आकाराची आमिषं बनवत, शिकारीत खऱ्या पक्ष्यांना खाली उतरवण्यासाठी. सायबेरियात याची राळ चघळायची सवय जुनी आहे, आणि याकुत लोकांचे घोडे बांधायचे कोरीव खांब लार्चचेच.

'व्हेनिस टर्पेंटाइन' नावाचा चिकट, मधासारखा पदार्थ चित्रकारांना आणि घोडेवाल्यांना परिचित आहे. तो व्हेनिसचा नाही आणि रंग पातळ करायचं टर्पेंटाइन तेलही नाही. आल्प्समधल्या टिरोलमध्ये जिवंत लार्चच्या बुंध्याला गाभ्यापर्यंत भोक पाडून ते खुंटीने बंद करत आणि साठलेली राळ नंतर काढून घेत. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ती जगभर विकली, म्हणून त्यांचं नाव. त्या नावाने आज मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत साधं रोझिन आणि तेल यांचं मिश्रण असतं.

औषधाच्या दाव्यांत सर्वाधिक सावध राहावं. राळेचं मलम जखमेवर लावणं आणि सालीचा काढा पिणं या चाली अनेक समाजांत होत्या. त्यावरून लार्चचा अर्क कॅन्सर बरा करतो किंवा प्रतिकारशक्ती 'दुप्पट' करतो असं सिद्ध होत नाही. दाहुरियन लार्चपासून काढलेल्या टॅक्सिफोलिन या पदार्थाला युरोपीय संघात परवानगी आहे ती अन्नघटक म्हणून. ठरावीक प्रमाणात ते सुरक्षित आहे, इतकाच तिचा अर्थ, आणि एखादा रोग बरा होण्याशी तिचा संबंध नाही.

लार्चचं औषध म्हणून नावाजलेलं अ‍ॅगारिकॉन तर झाडाचा भागच नव्हे. ती जुन्या लार्चच्या खोडावर वाढणारी बुरशी आहे. पहिल्या शतकातल्या डायस्कोरिडीसच्या औषधग्रंथात तिचा उल्लेख आहे, आणि पुढे क्षयरोग्यांना रात्री सुटणारा घाम थांबवण्यासाठी ती शतकानुशतकं दिली गेली. क्षय तिने कधी बरा केला नाही. आता तिच्या पुड्या 'प्राचीन वनौषधी' म्हणून ऑनलाइन विकल्या जातात. ही बुरशी वाढते म्हाताऱ्या झाडांवर, आणि तशी झाडं तोडीमुळे कमी झाल्याने ती आज धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे.